विजोड मुठीचा चाकू

खिशात बाळगायचा जुना मिटता चाकू हाती आला की आपण आधी पाते उघडतो आणि अंगठ्याने धार पाहतो. या लेखापुरते पाते मिटलेलेच राहू द्या. मूठ नीट पाहा. मग चाकू उलटा करून मुठीची दुसरी बाजू पाहा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी किंवा अमेरिकी चाकूंत अधूनमधून असा एखादा भेटतो, की ज्याची एक बाजू खडबडीत तपकिरी सांबरशिंगाची असते आणि दुसरी गुळगुळीत, पिवळट हाडाची. कधी एका अंगाला हस्तिदंत आणि दुसऱ्या अंगाला हस्तिदंतासारखे दिसणारे काहीतरी. संग्राहक अशा चाकूला नाक मुरडतात. जोड जमत नाही, कुणीतरी हात लावला आहे, असे म्हणून किंमत पाडतात. काही जण तर मूळची पट्टी काढून दोन्ही बाजू एकसारख्या करून घेतात. हा विजोडपणा हा दोष नसून पुरावा आहे, आणि तो मिटवणे म्हणजे कागदपत्र फाडणे आहे, असे आम्हाला वाटते. तसे का वाटते ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी रचना समजून घेऊ. या चाकूची मूठ हा एकसंध ठोकळा नसतो. मधोमध पाठीच्या बाजूने एक पोलादी स्प्रिंग असते. तिच्या दाबामुळे पाते उघडलेल्या किंवा मिटलेल्या स्थितीत टिकून राहते. स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे असतात; त्यांना आपण अस्तर म्हणू. अस्तरांवर बाहेरून दोन पट्ट्या जडवलेल्या असतात. आपल्या हाताला लागतात त्या या पट्ट्या. टोकांना बहुधा जर्मन सिल्व्हरच्या टोप्या असतात. (या मिश्रधातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी औषधालाही नसते.) म्हणजे मुठीच्या दोन बाजू हे मुळातच दोन वेगळे तुकडे आहेत, वेगळे कापलेले आणि वेगळे बसवलेले. पुष्कळदा प्रत्येक पट्टी तिच्या तिच्या अस्तराला स्वतंत्र पिनांनी जोडलेली असते, त्यामुळे एक बाजू तडकली तर तेवढीच बदलता येते. याउलट फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बनवलेला चाकू घ्या. त्याची मूठ म्हणजे लाकडाचा एकच तुकडा, आणि त्यात पाते मिटण्यासाठी कापलेली खाच. तो चाकू विजोड होऊच शकत नाही. विजोडपणाचे मूळ असे रचनेतच आहे.

पाते एकाचे आणि मूठ दुसऱ्याची, ही विभागणी फार जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसचा नगराधिकारी एत्येन ब्वालो याने शहरातील व्यवसायांचे नियम लिहून घेतले. त्यात पाती घडवणारे आणि मुठी बनवणारे असे दोन वेगळे व्यावसायिक गट नोंदवले आहेत. लोखंडाचे ज्ञान वेगळे आणि हाड, शिंग, दंत यांचे ज्ञान वेगळे, हे त्या काळच्या कारागिरांनी ओळखले होते.

मुठीच्या पदार्थाला तेव्हा आणखीही अर्थ असे. फ्रान्सच्या राजघराण्याच्या १३५२ च्या हिशेबात मांस कापण्याच्या सुऱ्यांची एक नोंद आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी काळ्या लाकडाच्या म्हणजे एबनीच्या मुठी, ईस्टरसाठी पांढऱ्या हस्तिदंताच्या, आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्ट या सणासाठी दोन्हींचे चौकोन जोडून केलेल्या मुठी. या सुऱ्या खिशातल्या नव्हेत, राजाच्या मेजावरच्या होत्या. पण एकाच मुठीत दोन पदार्थ मुद्दाम घालणे साडेसहाशे वर्षांपूर्वीही लोकांना ठाऊक होते, एवढे त्यावरून दिसते. दोन पदार्थ दिसले की लगेच 'दुरुस्ती' किंवा 'फसवणूक' म्हणण्याची घाई करू नये.

आता शेफिल्डला जाऊ. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या वस्तऱ्यावर किंवा कात्रीवर हे नाव कोरलेले अनेकांनी पाहिले असेल. यॉर्कशरमधल्या या गावाला वाहत्या नद्यांचे पाणी होते, जवळ कोळसा होता, आणि सहाणेसाठी लागणारा खरबरीत वालुकाश्म डोंगरातच मिळत होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने आपल्या कथेतल्या गिरणीवाल्याजवळ शेफिल्डचा चाकू दाखवला आहे. म्हणजे गावाचे नाव तोवर चाकूशी जोडले गेले होते. १६२४ मध्ये तेथील चाकू-कात्रीवाल्यांच्या संघाला संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले, आणि पात्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

मुठीचा प्रश्न मात्र असा सुटणारा नव्हता. पोलाद वितळवून एकसारखे करता येते. प्राण्याचे शिंग एकसारखे करता येत नाही.

इथे आपल्या भाषेतली एक अडचण सांगायला हवी, कारण वर्गात ती हमखास येते. मराठीत म्हशीच्या डोक्यावर असते तेही शिंग आणि सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. जीवशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. म्हशीचे शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेले केरॅटिनचे पोकळ आवरण. आपली नखे आणि केस ज्याचे बनतात तेच हे प्रथिन. ते जन्मभर वाढते, झडत नाही. उष्णतेने मऊ होते, म्हणून उकळून, उघडून, दाबून त्याची सपाट पट्टी करता येते. सांबराचे शिंग हे प्रत्यक्ष हाडच आहे. ते दरवर्षी गळून पडते आणि नवे उगवते. ते तापवून सपाट करता येत नाही. जसे आहे तसे कापावे लागते.

सांबरशिंग आडवे कापून पाहिले तर बाहेर दाट थर आणि आत सच्छिद्र भेंडासारखा गाभा दिसतो. चाकूला उपयोगी पडतो तो बाहेरचा दाट थर, त्याच्या खडबडीत सालीसकट. ओल्या हातातूनही न निसटणारी पकड ही त्या सालीचीच देणगी. युरोपातल्या हरणांच्या तुलनेत आपल्याकडच्या सांबराच्या शिंगात हा थर जाड असतो, म्हणून शेफिल्डला भारतीय सांबरशिंगाची फार ओढ. पण एका शिंगात पुरेसे सरळ, पुरेसे जाड असे तुकडे थोडेच निघतात. बुंध्याजवळचा तुकडा गडद आणि खवल्याखवल्यांचा, वरचा फिकट आणि गुळगुळीत. एक बाजू वाकडी, दुसरी सपाट. एकाच चाकूच्या दोन पट्ट्या शेजारशेजारच्या तुकड्यांतून निघाल्या तर जोड जमते, नाही तर नाही. जोड जुळवत बसायला वेळ लागतो आणि शेफिल्डच्या लहान कारागिरांना मजुरी नगावर मिळे. भारी चाकूसाठी पट्ट्या निवडून काढत. स्वस्त चाकूसाठी हाताला येईल ती घेत. त्यामुळे एकाच पदार्थाच्या दोन बाजूही अगदी कारखान्यातून निघतानाच विजोड असू शकत.

हाडाची गोष्ट याच्या जवळचीच. सांबरशिंग महाग, म्हणून बैलाच्या नळीच्या हाडाच्या पट्ट्या कापून त्यांवर यंत्राने किंवा हाताने खाचा पाडत आणि तपकिरी रंगात बुडवत. लांबून शिंगासारखे दिसे. हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजेन यांची गुंफण, आणि त्यात रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म मार्ग. हाडाच्या कोणत्या भागातून पट्टी कापली त्यावर हे मार्ग किती आणि कसे उघडे पडतात ते ठरते, आणि त्यानुसार रंग कमीजास्त मुरतो. मग त्याच रंगाच्या हौदात बुडवलेल्या दोन पट्ट्या दोन छटांच्या निघाल्या, तर नवल नाही. त्यातच चाकू वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेमागे एकाच कुशीवर पडून राहिला, तर उजेडाकडची बाजू फिकी पडते आणि खालची बाजू मूळ रंग राखते. असा चाकू विजोड दिसतो, पण कुणीही त्याला हात लावलेला नसतो.

हस्तिदंताशी मात्र मुंबईचा थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून आलेले दात झांजिबारच्या बंदरात गोळा होत. तिथला बराचसा व्यापार कच्छी व्यापाऱ्यांच्या हाती होता. जयराम शिवजी यांच्या पेढीकडे तर त्या बंदराच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षे होता. झांजिबारहून पुष्कळ माल मुंबईला येई आणि तेथून पुन्हा लंडनला जाई. लंडनच्या लिलावातून शेफिल्डला. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या प्रसिद्ध पेढीत हस्तिदंताचे कोठार पाहुण्यांना दाखवण्याची गोष्ट समजली जाई. याच पेढीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ७५ पात्यांचा एक प्रचंड चाकू मांडला. त्याची मूठ कोरीव शिंपल्याची होती. एका बाजूला अशी कारागिरी, आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटांएवढ्या पट्टीसाठी मारलेला हत्ती आणि ते दात किनाऱ्यापर्यंत डोक्यावर वाहणारी, बरेचदा गुलाम असलेली माणसे. चाकूच्या इतिहासात यांतली पहिलीच बाजू बहुधा सांगितली जाते.

दंत महाग होत गेला तशी नकलेची गरज वाढली. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स याने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात 'पार्कसीन' नावाचा नवा पदार्थ मांडला. त्यापासून केलेल्या वस्तूंत चाकूच्या मुठीही होत्या. धंदा म्हणून तो फसला. त्याच दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या साहित्याच्या एका कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरांचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट या मुद्रकाने त्या नादात प्रयोग केले आणि १८७० मध्ये सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. कृती थोडक्यात अशी: कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून सेल्युलोज नायट्रेट मिळवायचे आणि त्यात कापूर मिसळून दाबाखाली तापवायचे. आपल्या आरतीच्या तबकातला हाच कापूर! टेबल टेनिसचे चेंडू २०१४ पर्यंत याच पदार्थाचे असत. त्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्या प्लॅस्टिकचे चेंडू आले.

सेल्युलॉइडने मुठीच्या इतिहासात एक नवी गोष्ट आणली: हुबेहूब जोडी. एकाच तक्त्यातून हजार पट्ट्या कापल्या, तरी पहिली आणि हजारावी सारखीच. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, शिंग, हवे त्याचे रूप त्याला देता येई. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्याच पाहिजेत, ही आपली अपेक्षा बरीचशी या नकलेने घडवली आहे, असे आमचे मत आहे. खऱ्या शिंगाच्या काळात ती कुणी फार बाळगली नसावी.

पण सेल्युलॉइड स्वतःच फार काळ स्थिर राहत नाही. वर्षांनुवर्षे त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतल्या दमटपणाशी त्यांचा संयोग होऊन नायट्रिक आम्ल बनते. आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडचे विघटन आणखी वेगाने घडवते. म्हणजे रोगच रोगाला वाढवतो. पट्टी आक्रसते, तडकते, भुगा होते. पितळी पिना हिरव्या पडतात, पाते गंजते. यातही भेदभाव आहे. कासवाच्या पाठीसारखे पारदर्शक सेल्युलॉइड लवकर बिघडते. हस्तिदंताची नक्कल करणारे अपारदर्शक पांढरे सेल्युलॉइड पुष्कळदा जास्त टिकते. कारण पांढरेपणासाठी त्यात घातलेले झिंक ऑक्साइड हे आम्लाशी संयोग पावून त्याला निकामी करते. रंग म्हणून घातलेला पदार्थ औषध ठरला! तेव्हा एका बाजूला खरे हाड आणि दुसऱ्या बाजूला बिघडलेले पारदर्शक सेल्युलॉइड असलेला चाकू उघडून पाहिला आणि पाते एकाच अंगाने जास्त गंजलेले दिसले, तर कारण बाहेर शोधायला नको.

हे सगळे इतिहासाला कसे उपयोगी पडते? एक उदाहरण रचून पाहू. एका चाकूच्या पात्याच्या बुडाशी कारखान्याच्या नावाखाली 'इंग्लंड' असा शब्द आहे. छापाच्या बाजूला सांबरशिंग, मागच्या बाजूला हस्तिदंतासारखी पांढरी पट्टी. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा केला. त्याने शेफिल्डच्या निर्यातीला जबर फटका बसला. शिवाय १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हा 'इंग्लंड' हा शब्द दिसला, की पाते बहुधा १८९१ नंतरचे. पांढऱ्या पट्टीवर भिंग धरले, तर अगदी समान अंतरावरच्या समांतर रेषा दिसतात. निसर्ग इतका काटेकोर नसतो, म्हणून ते सेल्युलॉइड असावे, आणि म्हणून ती पट्टी १८७० पूर्वीची असणे शक्य नाही. आता पिना पाहायच्या. दोन्ही बाजूंच्या पिना एकाच जाडीच्या, एकाच धातूच्या आणि सारख्याच झिजलेल्या असतील, तर दोन्ही पट्ट्या कारखान्यातच बसल्या असण्याचा संभव मोठा. एका बाजूच्या पिना जाड, ठोकणीच्या खुणा ताज्या, आणि पट्टी टोपीच्या कडेला नीट न टेकलेली असेल, तर दुरुस्ती. दुरुस्ती असली तरी तीही माहितीच: कुणालातरी हा चाकू टाकवला नाही, आणि जवळ जे होते ते त्याने लावले.

टंचाईचे दिवसही मुठीवर उमटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हाडाच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या तेव्हा केस या कंपनीने खडबडीत काळ्या कृत्रिम पट्ट्या वापरल्या, आणि त्या पट्टीवरून त्या वर्षांतले चाकू आज ओळखता येतात. नंतर डेलरिनसारखी प्लॅस्टिके आली, आणि मुठीचा पदार्थ कोणत्या प्राण्याचा हा प्रश्न बहुतेक चाकूंपुरता संपला.

पूर्ण संपला मात्र नाही, आणि विजोड मुठीला आज कायद्याचेही महत्त्व आले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आफ्रिकी हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९ मध्ये झालेल्या निर्णयाने थांबला. सांबरशिंगाची भारतातून होणारी निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. गळून पडलेले शिंग उचलण्यात हरणाचे काय जाते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो चांगला आहे. उत्तर असे की अख्खे शिंग गळलेले आहे की कवटीपासून तोडलेले, हे त्याच्या बुडावरून कळते. पण एकदा पट्टी कापली की हा फरक पुसला जातो. मग गळलेल्या शिंगाच्या नावाखाली शिकारीचे शिंग विकणे सोपे होते.

ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ मध्ये अमलात आला. १९४७ पूर्वीच्या ज्या वस्तूंत हस्तिदंताचा वाटा आकारमानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल, त्यांना नोंदणी करून विकण्याची त्यात सवलत आहे. आता एखाद्या लहान चाकूची एक बाजू दंताची आणि दुसरी हाडाची असेल, तर कोणती बाजू कशाची हे ठरवणे हा केवळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

शाळेत हे ओळखण्याचा सराव चाकूशिवायही करता येतो. स्वयंपाकघरातले उकळून स्वच्छ केलेले नळीचे हाड, शिंगाचा जुना कंगवा, शिंपला आणि प्लॅस्टिकचे बटण एवढे पुरे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा तुटक रेघा दिसतील. रक्तवाहिन्यांचे तेच मार्ग. शिंगावर एकावर एक थर दिसतात, आणि कडेला कधी ते सुटू लागलेले असतात. शिंपल्याचे रंग तिरके केले की सरकतात, कारण त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ चकत्यांच्या थरांवरून प्रकाश परतताना त्याचे व्यतिकरण होते. हस्तिदंत अर्थातच वर्गात आणायचा नाही. पण त्याचे मोठे छायाचित्र दाखवावे. आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. आजच्या हत्तीच्या दातात बाहेरच्या कडेजवळ त्या कमानींमधला कोन सरासरी १०० अंशांहून मोठा असतो, तर नामशेष झालेल्या मॅमथच्या दातात १०० अंशांहून लहान. कोनमापकाने मोजून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही ती शिकवली जाते.

एक सूचना मात्र अगत्याची. जुन्या पुस्तकांत तापलेली सुई टोचून वासावरून पदार्थ ओळखण्याची चाचणी दिलेली असते. केरॅटिनला जळक्या केसांचा वास येतो हे खरे. पण समोरची पट्टी सेल्युलॉइडची निघाली तर ती भडकन पेट घेते. ही चाचणी वर्गात करू नये आणि घरीही करू नये. त्याऐवजी पट्टी अंगठ्याने जोराने चोळून गरम करावी आणि लगेच हुंगावी. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, आणि मग तो चाकू डबीत बंद न ठेवता हवेशीर जागी, इतर चाकूंपासून वेगळा ठेवावा. नाही तर त्याच्या आम्लाने शेजारचे पातेही गंजते.